रेंज फुल, डबा ऑफलाइन

हा अख्खा शनिवार-रविवार एका डबड्यापायी गेला, आणि हे लिहितोय ते त्याच रागात. तेव्हा भाषा जरा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

वडगाव रासाई हे माझं आजोळ. शिरूर तालुक्याच्या पार टोकाला, भीमेच्या काठी. नदी ओलांडली की दौंड तालुका. पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूर, तिथून तळेगाव ढमढेरे, न्हावरे असं करत जायचं. गाव रासाई देवीचं आणि शिवार उसाचं. मामांची साडेसात एचपीची मोटर नदीवर आहे आणि रान वर, घराजवळ. मध्ये साधारण तीन हजार फूट पाइपलाइन. म्हणजे पाणी घरापाशी येतं, पण ते चालू-बंद करायचं बटण नदीला. हा भूगोल लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

शुक्रवारी रात्री मामांचा फोन.

"काय रे, झोपला व्हता का?"

"नाही मामा, बोला ना."

"आरं त्या मोटरच्या डबड्याला काय झालंय कळंना. रेंज फुल दावतंय अन् मोबाईलवर म्हणतंय ऑफलाइन. तू कंप्युटरमधला माणूस, तुला उमजंल."

'कंप्युटरमधला माणूस' म्हटल्यावर आपण प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला जबाबदार असतो हे वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेलच. नेहमीप्रमाणे मी म्हणालो, "बंद करून चालू करून बघा." मामा म्हणाले, "चार दिस तेच करतोय." मग ते जे पुढे म्हणाले त्यानंतर मी सकाळी सहाला गाडी काढली. म्हणाले, "ह्या आठवड्यात रातची लाइट हाय. दोन वाजता खाली जावं लागतंय."

शहरातल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. शेतीपंपाला लागणारी थ्री-फेज वीज आपल्यासारखी चोवीस तास नसते. ती दिवसातले आठेक तास, आणि तीही पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती काढली, ती ह्याचसाठी, की शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. जिथे ती पोचली तिथे लोक सुटले. जिथे पोचायची आहे तिथे अजून रात्रपाळी आहे. आणि शिरूर तालुक्यातली रात्रपाळी म्हणजे नुसती झोपमोड नव्हे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हा सगळा बिबट्याचा पट्टा आहे. उसात त्यांच्या पिढ्या वाढल्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ह्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या भागात बिबट्याने माणसं मारली, त्यात लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. वडगाव रासाई तिथून बरंच लांब आहे, पण ऊस तोच आणि अंधारही तोच. एकसष्ट वर्षांचा माणूस हातात बॅटरी घेऊन, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून (आवाज केला की बिबट्या बाजूला होतो म्हणतात) दोन वाजता तीन हजार फूट जातो आणि परत येतो. मामी उंबऱ्यात बसून राहते.

आता तुम्ही म्हणाल की ऑटोवर का टाकत नाहीत? हा प्रश्न मलाही पडला होता. ऑटोवर टाकली तर लाइट आली की मोटर सुरू होते हे खरं. पण बंद कोण करणार? सरी भरली की पाणी थेट शेजाऱ्याच्या कांद्यात. मग कांद्यावरून जे होतं ते बिबट्यापेक्षा वाईट.

म्हणून तर मोबाईल स्टार्टर घेतला. ही काही नवलाई नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाने मोबाईलवरून पंप चालवायचं यंत्र स्मार्टफोनच्या आधीच्या काळात आणलं होतं आणि त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. पंपाजवळच्या मोबाईलला फोन लावायचा, आकड्याचं बटण दाबायचं, त्या आवाजावरून पलीकडचं सर्किट काय करायचं ते ओळखणार. साधं, स्वच्छ इंजिनिअरिंग. आपण स्मार्ट होम वगैरे शब्द शिकायच्या आधी आपल्याच जिल्ह्यातली माणसं घरबसल्या नदीवरची मोटर चालवत होती, हे मी ऑफिसात सांगतो तेव्हा लोकांना खोटं वाटतं. आता तसले डबे डझनभर कंपन्या बनवतात. मामांचा डबा नव्या पद्धतीचा, म्हणजे फोरजी सिम, इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलणारा, मोबाईलमध्ये अॅप. अॅपवर हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. आणि वर मराठीत बाईच्या आवाजात सांगतो, "तुमची मोटार चालू झाली आहे." मामी तिला 'मोटरवाली' म्हणते.

तर झालं होतं काय? मामेभावाने डब्यातलं सिम बदललं होतं. जुन्या कंपनीची रेंज नदीकाठी जात-येत होती, म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं. अगदी शहाणपणाचं काम केलं. डब्यावरच्या रेंजच्या सगळ्या काड्या पेटल्या. आणि डबा कायमचा ऑफलाइन गेला.

ज्यांनी कधी इंटरनेट डोंगलशी झटापट केली आहे त्यांना एव्हाना कळलं असेल. एपीएन.

एपीएन म्हणजे एक नाव. सिमवाला डबा मोबाईल नेटवर्कला जोडला जातो तेव्हा त्याला सांगावं लागतं की मला इंटरनेटकडे कुठल्या दारातून सोडायचं. त्या दाराचं नाव म्हणजे एपीएन. जिओचं 'जिओनेट', बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. प्रत्येकाचं वेगळं. काही नेटवर्क चुकीचं नाव सांगितलं तरी खपवून घेतात, काही घेत नाहीत. मामांच्या डब्यात जुन्या कंपनीच्या दाराचं नाव होतं आणि तो नव्या कंपनीच्या वाड्यात शिरून तेच दार शोधत बसला होता. चार दिवस. रेंज अर्थातच फुल दिसणार, कारण टॉवर दिसतोय की नाही एवढंच त्या काड्या सांगतात.

इथवर सगळं ठीक आहे. उपाय काय, तर त्या डब्याच्या मेनूत जायचं आणि एक शब्द बदलायचा. मी शनिवारी नदीवर जाऊन डब्याचं झाकण उघडलं. दोन ओळींची इवलीशी स्क्रीन, चार बटणं. मेनू दाबला. आणि पाटी आली, अर्थातच इंग्रजीत. पासवर्ड टाका.

"मामा, पासवर्ड काय आहे?"

"त्यो डीलरकडं असतोय. आपल्याला देत न्हाईत."

फोन केला. (डीलरचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही.) तो म्हणाला, पासवर्ड देता येत नाही, आमचा मुलगा येऊन करून देईल, पाचशे रुपये व्हिजिट, पण सध्या तो बाहेर आहे, बुधवारी-गुरुवारी येईल. मी म्हटलं, अहो, एक शब्द बदलायचाय. तर म्हणाला, "साहेब, पासवर्ड दिला की लोक नको तिथं हात घालतात, मोटर जळते, आणि मग शिव्या आम्हाला."

आता मंडळी, इथे क्षणभर थांबू, कारण डीलरचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. त्या मेनूत ओव्हरलोडचं सेटिंग असतं, ड्राय रनचं असतं. मोटर किती अँपिअरच्या वर गेली की बंद पाडायची, किती खाली आली की 'पाणी नाही, कोरडी फिरतेय' असं समजायचं, ते आकडे तिथे असतात. त्यात कोणी उगाच खेळलं तर वाइंडिंग जळतं आणि रिवाइंडिंगचे हजारो रुपये जातात. तिथे कुलूप असावं, मला मान्य आहे. मी तर म्हणतो दोन असावीत.

पण एपीएनने मोटर जळत नाही! चुकीचं एपीएन टाकलं तर फार तर डबा ऑफलाइन जाईल, म्हणजे आत्ता होता तसाच राहील. मग हे दोन्ही एकाच कुलपाआड का? वायफायचं नाव, सिमचं दार, कोणाच्या नंबरवर मेसेज पाठवायचा, ही मालकाची सेटिंगं आहेत. सिम मालकाचं, रिचार्ज मालकाचा, कंपनी बदलायचा हक्कही मालकाचा. ह्या देशात नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ च्या जानेवारीपासून सगळीकडे आहे. कायद्याने दिलेलं स्वातंत्र्य डब्याच्या मेनूत मात्र पाचशे रुपये आणि पाच दिवसांना मिळतं.

आणि आता खरी चीड कशाची ते सांगतो. हा मेनू मुळात लागायलाच नको होता.

तुम्ही फोनमध्ये नवं सिम घालता तेव्हा एपीएन टाकता का? गेल्या पाच-दहा वर्षांत कोणी टाकलं असेल तर हात वर करा. फोन ते आपोआप करतो, आणि त्यात कसलीही जादू नाही. प्रत्येक सिमच्या आतल्या ओळख क्रमांकाच्या सुरुवातीला देशाचे आकडे असतात (भारताचे ४०४ आणि ४०५) आणि त्यांच्यापुढे कंपनीचे. फोनमध्ये एक तक्ता असतो, ह्या आकड्याला हे दार. संपलं. भारतात सिम विकणाऱ्या मोठ्या कंपन्या उरल्यात चार. कंपनीचे आकडे सर्कलप्रमाणे बदलतात म्हणून तक्ता थोडा लांबेल, तरी एक-दोन किलोबाइटच्या वर जाणार नाही. त्यातून फोरजीमध्ये एपीएन कोरं सोडलं तर बऱ्याचदा नेटवर्क स्वतःच आपलं नेहमीचं दार देऊन टाकतं. म्हणजे कोणा इंजिनिअरने एक दुपार खर्च केली असती, फक्त एक दुपार, तर मामांना चार रात्री नदीवर जावं लागलं नसतं. ती दुपार कोणी खर्च केली नाही, कारण कुठल्यातरी मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं असेल, "युजरला कशाला लागतंय ते? इन्स्टॉलर करेल."

हे वाक्य मला इतकं नेमकं कसं माहीत? कारण मी ते म्हणालोय.

तीनेक वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो तिथे आम्ही एक घरगुती वापराचं उपकरण करत होतो. नेटवर्क सेटिंगचं पान मालकाला दाखवायचं की फक्त इन्स्टॉलरला, ह्यावर चर्चा झाली. दाखवायचं तर पान नीट लिहावं लागणार, चूक केली तर परत फिरायची सोय द्यावी लागणार, चार भाषांत भाषांतर लागणार. मी म्हणालो, लपवून टाकू, सपोर्टचे फोन कमी होतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. दहा मिनिटांत विषय संपला आणि आम्ही चहाला गेलो. सपोर्टचे फोन खरंच कमी झाले असतील. पण जे फोन आलेच नाहीत, त्या जागी कोण कुठे बॅटरी घेऊन चाललं होतं, ते मोजणारा आकडा आमच्या डॅशबोर्डवर नव्हता.

जर्मनीत ह्याच प्रकारावर कायदा झालाय. तिथे इंटरनेट कंपन्या आपलाच राउटर ग्राहकाच्या गळ्यात मारायच्या आणि त्याचा पासवर्ड द्यायच्या नाहीत. १ ऑगस्ट २०१६ पासून कायदा म्हणतो, ग्राहक पाहिजे तो राउटर लावेल आणि जोडणीला लागणारी सगळी माहिती त्याला न मागता, फुकट द्यायची. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं हा एक वेगळा विभागच आहे. चांगली गोष्ट. पण दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाना आणि सुटे भाग येतात. जिथे काहीच मोडलेलं नाही, फक्त एक शब्द जुना झालाय आणि तो बदलायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, ती दुरुस्ती कशात बसते? आणि सरकारी योजनेतून मिळणाऱ्या सौर पंपांनाही आता सिमवाली देखरेख यंत्रणा असते, म्हणजे शिवारात असे डबे वाढतच जाणार आहेत.

आता गोष्टीचा पुढचा भाग, जो विनोदी आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

डीलरचा फोन ठेवला आणि मी बटणांशी चाळा करत बसलो. चार आकडी पासवर्ड. १२३४ टाकला, नाही. ००००, नाही. ११११, नाही. मग झाकणाच्या आतल्या स्टिकरकडे लक्ष गेलं. 'संपर्क', आणि खाली डीलरचा मोबाईल नंबर. शेवटचे चार आकडे टाकले.

मेनू उघडला.

मामा खूश! "आपला भाचा लई हुशार." मी मात्र गप्प झालो. कारण त्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक डब्याचा पासवर्ड तोच असणार आणि प्रत्येक डब्यावर तो छापलेला आहे. म्हणजे ज्या माणसाने पैसे दिले त्याच्यासाठी दार बंद, आणि ज्याला कांद्याचा राग काढायचाय त्या कोणाही शेजाऱ्यासाठी सताड उघडं. तो सरळ आत जाऊन ड्राय रनचा आकडा शून्यावर आणून मोटर जाळू शकतो. कुलूप आहे म्हणून सगळे निर्धास्त, आणि किल्ली कुलपालाच टांगलेली.

ह्याच आळसाने २०१६ साली काय केलं ते आठवत असेल. 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या घेऊन जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर ट्विटरसकट अनेक मोठ्या साइट्स अमेरिकेत काही तास बंद पाडल्या. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला, तो १ जानेवारी २०२० पासून लागू झाला, की प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड द्या, नाहीतर पहिल्यांदा वापरतानाच मालकाला नवा टाकायला लावा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच सोपा पासवर्ड देणं बेकायदा आहे. मालकाला स्वतःचा पासवर्ड टाकायला लावा, ही त्यातली साधी गोष्ट आमच्या डब्यात असती तर दोन्ही प्रश्न एकदम सुटले असते.

असो. मेनू उघडला खरा, पण नवं एपीएन टाकायला मला पंधरा मिनिटं लागली. वरच्या बटणाने 'ए', 'बी', 'सी' करत एकेक अक्षर गाठायचं, पुढे गेलं की परत मागे यायची सोय नाही. सगळे शब्द इंग्रजीत, तेही तोडलेले, कारण ओळीत सोळाच अक्षरं मावतात. इथे मला मोटरवाली आठवली. मोटर चालू झाली हे गोड मराठीत सांगायला ह्यांना आवाज, चिप, भाषांतर सगळं सुचलं. ते दुकानात दाखवता येतं ना, त्याच्यावर डबा खपतो. गाडी अडली की मात्र मोटरवाली गप्प बसते आणि तोडकं इंग्रजी सुरू होतं. मराठी विकायला आणि इंग्रजी निस्तरायला, असा सगळा कारभार. आणि मग आपण लॅपटॉप उघडून म्हणणार, शेतकऱ्याला टेक्नॉलॉजी जमत नाही! मामांना मोटरचा आवाज ऐकून फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय की बेअरिंग गेलंय ते कळतं. ओव्हरलोडला किती अँपिअर ठेवायचे ते त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. त्यांना फक्त एक शब्द माहीत नव्हता, आणि तो कोणी सांगितलेला नव्हता.

डबा चालू-बंद केला. दिवा लुकलुकला. मामेभाऊ घरून ओरडला (फोनवर, पण तसाही ऐकू आला असता), "ऑनलाइन आला!"

मग मी मामांना म्हटलं, आता पासवर्ड बदलू या, तुम्ही सांगा तो टाकतो. मामा जरा घुटमळले. "डीलर रागवंल का? उद्या वॉरंटीला न्हाई म्हणला तर?" पैसे देऊन विकत घेतलेल्या, स्वतःच्या नदीकाठी, स्वतःच्या पेटीत बसवलेल्या डब्याचा पासवर्ड बदलायला माणूस घाबरतो. मी वॉरंटीचा कागद पुढून-मागून वाचून दाखवला. त्यात पासवर्डबद्दल अवाक्षर नव्हतं. तेव्हा कुठे मामांनी चार आकडे सांगितले. कुठले ते लिहीत नाही, पण मामीला विचारलं तर तिने लगेच ओळखले.

रात्री जेवण झाल्यावर वहीच्या पानावर सगळं मराठीत लिहून काढलं. मेनूत कसं जायचं, कुठल्या कंपनीच्या सिमला कुठलं नाव, कुठल्या तीन सेटिंगांना अजिबात हात लावायचा नाही. मामेभावाने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलं, रासाईच्या फोटोखाली. पासवर्ड पानावर लिहू नकोस असं मी तीनदा बजावलं. दोन वाजता लाइट आली तेव्हा मामांनी अंथरुणातूनच हिरवं बटण दाबलं, मोटरवाली बोलली, आणि मामी कूस बदलून म्हणाली, "तिला म्हणावं आवाज कमी कर."

रविवारी सकाळी निघेपर्यंत शेजारचे दोघं येऊन बसले होते. एकाचा डबा गेल्या दिवाळीपासून बंद होता, त्यानेही सिम बदललं होतं. दुसऱ्याचा चालू होता, त्याला फक्त पासवर्ड बदलून हवा होता. दुपारचं जेवण करूनच निघालो.

सोमवारी ऑफिसात त्या जुन्या उपकरणाच्या नावाने एक तिकीट टाकलं, नेटवर्क सेटिंगचं पान मालकाला उघडं करा म्हणून. प्रायॉरिटी 'लो' करून कोणीतरी बॅकलॉगमध्ये ढकललंय. कॉमेंट आहे, "युजर इम्पॅक्ट काय?" उत्तर अजून टाइप करतोय.